ट्रेसरबाईंनी न केलेली सही

ट्रेसरबाई आमच्या लॅबमध्ये आल्या त्या बदली होऊन नव्हे, उरल्या म्हणून आल्या. वरच्या मजल्यावरच्या आराखडा विभागात त्या चोवीस वर्षं ट्रेसर होत्या. इंजिनिअरने पेन्सिलने काढलेला नकाशा खाली ठेवायचा, त्यावर अर्धपारदर्शक कागद ताणून लावायचा आणि शाईच्या पेनाने रेघ न् रेघ उतरवायची, हे त्यांचं काम. मग सगळं कॉम्प्युटरवर गेलं. ट्रेसरचं पद कागदावर राहिलं आणि त्या पदावरच्या माणसाला बसवायचं कुठे, हा प्रश्न पडला. कोणीतरी म्हणालं, खाली पाण्याच्या लॅबमध्ये दगड धुवायला माणूस हवंय. अशा त्या खाली आल्या, आपली पेनं आणि एक उंच स्टूल घेऊन. स्टूल आराखडा विभागाचं होतं. स्टोअरकीपर दोनदा मागायला आला. त्या म्हणाल्या, "मी परत वर गेले की स्टूलही येईल." तो परत गेला.

मी त्या लॅबचा पंपवाला. लॅब म्हणजे तळघरातली एक लांबलचक खोली, छताजवळ झरोके, मधोमध चौदा मीटरचा काचेचा पाट. एका टोकाला टाकीतलं पाणी वर चढतं, पाटातून वाहत जातं आणि दुसऱ्या टोकाला खाली पडून परत टाकीत येतं. पंप, व्हॉल्व्ह आणि वेग मोजायची छोटी भिंगरी माझ्या ताब्यात. पाण्याचा वेग मी ठरवतो असं मी घरी सांगायचो. खरं तर आकडा लॅबचे प्रमुख साहेब द्यायचे, मी फक्त चाक फिरवायचो.

त्या वर्षी आमच्याकडे एक मोठं काम आलं होतं. नदीवर वरच्या अंगाला धरण आहे. तिथे सकाळ-संध्याकाळ विजेसाठी दरवाजे एकदम उघडायचे असं चाललं होतं. दरवाजे उघडले की खालच्या नदीत पाण्याचा लोंढा येतो. त्या लोंढ्यात नदीच्या तळाशी राहणाऱ्या बारक्या जिवांचं काय होतं, ते जागेवर टिकतात की वाहून जातात, हे शोधून सांगायचं होतं. कारण मासे त्यांच्यावर जगतात, आणि नदीकाठची बरीच माणसं त्या माशांवर.

जीव म्हणजे किडेच. मोठे झाले की पंख फुटून उडून जातात, पण त्याआधीचे कितीतरी महिने पाण्याखाली दगड धरून काढतात. तांदळाच्या दाण्याएवढे, चपटे, सहा पाय, मागे केसासारख्या तीन शेपट्या. आम्ही त्यांना तळकिडे म्हणायचो. पाटात नदीतलेच दगड आणि वाळू अंथरली होती. दर चाचणीला चाळीस तळकिडे सोडायचे, दोन तास त्यांना रुळू द्यायचं, मग मी व्हॉल्व्ह एका झटक्यात उघडायचा. वरून कॅमेरा चित्रण करायचा आणि प्रत्येक किडा कुठून कुठे गेला याची रेघ कॉम्प्युटर काढायचा. किडा नीट दिसावा म्हणून त्याच्या पाठीवर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका.

हा ठिपका देणं कोणालाच जमेना. साहेबांनी स्वतः प्रयत्न केला, तीन किडे दगावले. मी हात लावायलाच तयार नव्हतो. ट्रेसरबाई दगड धूत होत्या, हात पुसून आल्या. ओल्या फडक्यावर किडा ठेवला, शाईच्या पेनाचं सगळ्यात बारीक टोक नेलपॉलिशमध्ये जेमतेम बुडवलं आणि टेकवलं. ठिपका मोहरीच्या निम्म्याएवढाही नसेल. किडा परत पाण्यात सोडला तर तो सुर्रकन दगडाखाली गेला.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"एक झाला. एकोणचाळीस राहिले," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून दगड धुवायचं काम माझ्याकडे आलं.

ट्रेसरबाईंना कोणी किड्यांकडे बघायला सांगितलं नव्हतं. पण त्या स्टुलावर बसून काचेला नाक लावून बघत राहायच्या. त्यांची चोवीस वर्षं दुसऱ्याची रेघ हुबेहूब उतरवण्यात गेली होती. समोर एखादी गोष्ट सरकत असली की तिची वाट कागदावर उतरवल्याशिवाय त्यांना राहवतच नव्हतं. त्यांनी काचेवर पारदर्शक प्लास्टिकचा ताव चिकटवला आणि एकेका किड्यामागे पेन फिरवायला सुरुवात केली. मी विचारलं, "बाई, हे कशासाठी? कॉम्प्युटर आहे की."

"मला बघायचंय हा जातो कसा."

मलाही मग सवय लागली. तोवर मला वाटायचं पाणी ढकलेल तिकडे किडा जातो. तसं नव्हतं. तो बहुतेक वेळा पाण्याच्या उलट दिशेलाच चढायचा. डोकं प्रवाहाकडे करून, अंग दगडाला चिकटवून, एक पाय उचलायचा, तो रोवायचा, मग पुढचा. दगडाच्या कडेला आला की थांबायचा, जसा आपण वाऱ्याच्या दिवशी कोपऱ्यावर थांबतो तसा. मग कधी आडवा सरकत जायचा, कधी मुद्दाम पाय सोडून बोटभर वाहून पुढच्या दगडाला पकडायचा. "बघा, हा चालतो पण आहे आणि उडी पण मारतोय," बाई म्हणायच्या. त्यांच्या तावावर अशा वाटांचं जाळं तयार व्हायचं. तारीख, वेळ, किड्याचा नंबर, सगळं त्यांच्या त्या नकाशातल्या अक्षरात.

सात चाचण्या झाल्या. कॉम्प्युटरचा निकाल जवळपास सारखाच येत होता. लोंढा आला तरी चाळिसातले तेहेतीस, चौतीस, पस्तीस किडे जागेवर टिकतात. साहेब खूश होते. धरणाच्या खात्यातल्या एका बैठकीत त्यांनी निकाल तोंडी सांगूनही टाकला होता. माणूस वाईट नव्हता, पण एकदा चारचौघांत बोललेला शब्द मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सातव्या चाचणीनंतर ट्रेसरबाई प्रोग्रामरबाईंकडे गेल्या. प्रोग्रामरबाई म्हणजे कॉम्प्युटरचं ते रेघ काढणारं सॉफ्टवेअर बसवणाऱ्या. तिशीच्या, हुशार, चहा थंड करून पिणाऱ्या. बाईंनी त्यांना आपला ताव दाखवला.

"हा चार नंबर. लोंढा आल्यावर तिसऱ्या सेकंदाला सुटला. मी बघितला, पार पलीकडे गेला. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हा अजून इथेच आहे."

"तुमची नजर चुकली असेल, बाई. पाणी किती गढूळ होतं त्या वेळी."

"चालेल. आपण चित्रण लावू. हळू करून."

मी दाराशी उभा होतो. प्रोग्रामरबाईंनी चित्रण लावलं. चार नंबरचा किडा दगडावर चिकटलेला. पाणी वाढलं. त्याचा मागचा भाग उचलला गेला, पाय सुटले, आणि तो गेला. कॉम्प्युटरने त्याच्याभोवती काढलेलं हिरवं वर्तुळ मात्र क्षणभर थरथरलं आणि बाजूच्या एका ठिपक्यावर जाऊन बसलं. तिथून हललंच नाही.

"मोठं करा," बाई म्हणाल्या.

मोठं केलं. तो गारगोटीचा कण होता. वाळूत तसे शेकड्याने होते.

प्रोग्रामरबाईंनी चित्रण मागे नेऊन तो क्षण पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "ठिपका हरवला की सॉफ्टवेअर सगळ्यात जवळचा ठिपका पकडतं. तसं करावं लागतं, नाहीतर किडा दगडाआड गेला की रेघ तुटते. पण असं एखाददुसऱ्याचंच होत असणार."

"मोजूया," ट्रेसरबाई म्हणाल्या.

पाच दिवस त्यांनी मोजलं. मॉनिटरवर प्लास्टिकचा ताव चिकटवून एकेक किडा, एकेक सेकंद. डोळे लाल व्हायचे, मान आखडायची. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी पेन खाली ठेवलं. सातव्या चाचणीत कॉम्प्युटरच्या मते टिकलेले चौतीस. त्यांतल्या एकवीस गारगोट्या होत्या. खरे किडे तेरा.

तुम्ही म्हणाल, वाहून गेलेले किडे सापडले कसे नाहीत. पाटाच्या शेवटी पूर्वी एक जाळी होती. लोंढ्याच्या वेळी तिच्यात कचरा अडकून पाणी मागे तुंबायचं आणि माझा वेगाचा आकडा बिघडायचा. म्हणून ती जाळी मीच काढायला लावली होती. तेव्हापासून जे वाहून जायचं ते टाकीत आणि टाकीतून पंपाच्या पात्यात. तिथून काही परत येत नाही. हे मला माहीत होतं, पण मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

साहेबांनी बाईंचे ताव बघितले. बघितले म्हणजे चाळले.

"बाई, कॉम्प्युटर सेकंदाला पन्नास चित्रं बघतो. तुम्ही किती बघता?"

"मी एकच बघते. पण त्यातला किडा कोणता आणि गारगोटी कोणती ते मला कळतं."

"हे हाताचं काम अहवालात धरता येत नाही. पद्धत ठरलेली आहे." त्यांनी टेबलावरून चाचणीचे फॉर्म पुढे सरकवले. "एवढ्या सह्या झाल्या की मला उद्या अहवाल पाठवता येईल."

त्या फॉर्मवर तीन सह्या लागायच्या. वेगासाठी पंपचालकाची, नोंदीसाठी निरीक्षकाची आणि शेवटी प्रमुखांची. निरीक्षकाचं पद कधी भरलंच गेलं नव्हतं, म्हणून ठिपके देणाऱ्या बाईंना कागदोपत्री निरीक्षक केलं होतं. त्यांच्या रकान्यावर छापलेलं होतं, "वरील नोंद मी स्वतः पाहिली आहे."

बाईंनी ते वाक्य बोट ठेवून वाचलं. फॉर्म परत सरकवला.

"हे मी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय ते वेगळं आहे."

"ती एक पद्धत असते हो लिहायची."

"मग पद्धत बदला. मी पाहिलं असं लिहिलंय, आणि मी पाहिलेलं नाही. सही होणार नाही."

साहेब खुर्चीत मागे टेकले. आवाज मऊ करून म्हणाले, "तुमच्या मुलीचा अर्ज आलाय ना आपल्या खात्यात? मी बघितला. चांगली आहे मुलगी."

बाई उठल्या. "तो तिचा अर्ज आहे, साहेब. ही माझी सही आहे. दोघींचं दोघी बघू."

मग साहेबांनी फॉर्म माझ्याकडे केला. मी सही केली. सातही फॉर्मवर. माझा रकाना फक्त वेगाचा होता आणि वेगाचा आकडा खरा होता, असं मी मनाशी म्हटलं. बाहेर आल्यावर बाईंनाही तेच सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमचा आकडा खराच आहे, पंपवाले. पण तो कुठल्या कागदावर बसलाय ते बघा."

दोन दिवसांनी त्यांना जुन्या नकाशांच्या खोलीत पाठवायचं ठरलं. काम काय, तर तीस वर्षांच्या गुंडाळ्या मोजून चिठ्ठ्या लावणं. साहेबांनी तोंडी सांगितलं. बाई म्हणाल्या, "लेखी द्या. कारणासकट." कारणासकट द्यायला कोणी तयार होईना, म्हणून आणखी दोन दिवस त्या लॅबमध्येच बसून राहिल्या. शेवटी 'कामाच्या सोयीसाठी' एवढाच शेरा मारलेला कागद आला. त्यांनी तो नीट फाइलला लावला, स्टूल उचललं आणि गेल्या. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किड्यांचं पाणी रोज बदला. त्यांचं काही भांडण नाही कोणाशी."

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. का गेलो ते मलाही नीट सांगता येणार नाही. सही केल्यापासून मला जेवण गोड लागत नव्हतं, एवढं खरं. त्यांचे यजमान शिंपी, तळमजल्यावर दुकान, दुकानामागेच दोन खोल्या. आत गेलो तर कपडे बेतायच्या मोठ्या टेबलावर कापडाऐवजी प्लास्टिकचे ताव पसरलेले. बाई पहिल्या चाचणीपासून सगळं पुन्हा उतरवत होत्या. प्रोग्रामरबाईंनी त्यांना चित्रणाच्या प्रती गुपचूप दिल्या होत्या.

"या," यजमान म्हणाले. "समजूत घालायला आला असाल तर चहा घ्या आणि जा. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझं एकदा ऐकलं नाही तिने. तुमचं काय ऐकणार."

"एकदा ऐकलंय," बाई तावावरून मान न उचलता म्हणाल्या. "दुकानाचा रंग."

मुलगी पलीकडे कपड्यांना बटणं लावत बसली होती. मी न राहवून तिला विचारलं, तुझ्या अर्जाचं कसं काय?

"अर्ज मी मागे घेणार नाही," ती म्हणाली. "आणि आई सही करणार नाही. दोन्ही होऊ दे. माझ्यासाठी तिने एवढी खोटी सही केली असती तर मी रोज कामावर जाताना कुठल्या तोंडाने गेले असते?"

मी चहा घेतला. मग सांगून टाकलं, की पुढच्या आठवड्यात समिती येणार आहे. धरणाच्या खात्याची तीन माणसं समोर एक चाचणी बघणार, अहवाल स्वीकारणार आणि जाणार.

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "जाळी लावता येईल?"

"पाणी तुंबतं, बाई. वेग बिघडला तर तेच निमित्त होईल. म्हणतील चाचणीच चुकली."

"का तुंबतं?" यजमानांनी विचारलं. मी सांगितलं की जाळी पाटाच्या शेवटच्या तोंडावर ताठ बसते, तिची भोकं बुजली की पाण्याला वाट नसते. त्यांनी कानावरचा खडू काढला. "मग ताठ कशाला लावता? लांब पिशवी करा. तोंड पाटाएवढं, शेपूट दोन-अडीच मीटर, निमुळती. बुजली तरी किती बुजेल? बाजूने पाणी जात राहील. गाठीपाशी कपडा दुहेरी घेतो." आणि त्यांनी तिथल्या तिथे माझ्याकडून पाटाची मापं घेतली, जशी एखाद्या गिऱ्हाइकाची घ्यावीत. "छाती किती, घेर किती," असं म्हणून स्वतःच हसले.

परवानगीचा प्रश्न होता. मी म्हटलं, साहेबांना विचारावं लागेल. बाई म्हणाल्या, "जाळी काढायला तुम्ही सांगितलं होतं ना? तेव्हा लेखी परवानगी घेतली होती?"

नव्हती घेतली.

"मग लावायलाही लागत नाही. पाटाचं तोंड पंपवाल्याच्या ताब्यात आहे."

समितीच्या दिवशी मी सकाळी तासभर लवकर गेलो. पिशवी पाटाच्या तोंडाला बांधली आणि टाकीच्या झाकणाखाली सोडली. दोनदा पाणी सोडून बघितलं. भिंगरीचा आकडा जराही हलला नाही. शिंप्याने माप बरोबर घेतलं होतं.

अकरा वाजता मंडळी आली. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर होते, पांढऱ्या मिशांचे, हातात काठी. बाकी दोघं वह्या घेऊन. ठिपके या वेळी प्रोग्रामरबाईंनी दिले होते, बाईंनीच त्यांना शिकवलं होतं. चाळीस किडे मोजून पाटात सोडलेले होते. साहेब समजावून सांगत होते. एक वाजता लोंढा सोडायचा होता. एकला पाच मिनिटं असताना दार उघडून ट्रेसरबाई आत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"बाई, तुमचं काम पलीकडे आहे," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"जेवणाची सुट्टी आहे माझी. सुट्टीत कुठे उभं राहायचं ते मी ठरवते."

समितीसमोर त्यांना बाहेर कसं काढणार. साहेबांनी मला खूण केली. मी व्हॉल्व्ह उघडला. पाणी दणक्यात आलं, पाट घुमला, वाळूचा धुरळा उठला. दहा मिनिटांनी मी बंद केलं. पडद्यावर हिरवी वर्तुळं स्थिर झाली. कॉम्प्युटरने आकडा दिला, चाळिसातले चौतीस जागेवर. साहेबांनी समितीकडे बघून मान हलवली.

मी टाकीचं झाकण काढलं, पिशवीचं शेपूट वर ओढलं, गाठ सोडली आणि पांढऱ्या ट्रेमध्ये रिकामी केली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"पाटातून वाहून आलेलं, साहेब. पाटाचं तोंड माझ्याकडे असतं," मी म्हटलं.

ट्रेमध्ये पानांचे तुकडे, वाळू आणि वळवळणारे किडे. ट्रेसरबाई पुढे झाल्या नाहीत. त्यांनी नुसतं प्रोग्रामरबाईंकडे बघितलं. प्रोग्रामरबाई ट्रेपाशी आल्या, चिमटा घेतला आणि ठिपकेवाला एकेक किडा दुसऱ्या भांड्यात टाकत मोठ्याने मोजू लागल्या. सातपर्यंत आकडा गेला तेव्हा एकाने वहीतून मान वर केली. पंधराला अध्यक्ष काठी टेकत जवळ आले. सत्तावीसला मोजणी थांबली.

अध्यक्षांनी पडद्याकडे बघितलं, मग भांड्याकडे. "चौतीस इथे. सत्तावीस तिथे. सोडले होते चाळीस. म्हणजे दोन तासांत एकवीस जीव जादा झाले. बाळंतपणं कोणी केली?"

प्रोग्रामरबाईंनी चिमटा खाली ठेवला.

"गारगोट्या आहेत त्या," प्रोग्रामरबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता. "सॉफ्टवेअर माझं आहे. चूक मला तीन आठवड्यांपूर्वी या बाईंनी दाखवली. मी तेव्हाच लेखी द्यायला हवं होतं. दिलं नाही."

अध्यक्षांनी विचारलं, या बाई कोण? साहेब म्हणाले, रेकॉर्ड रूममध्ये असतात. ट्रेसरबाई म्हणाल्या, "सात चाचण्यांची निरीक्षक आहे मी. फॉर्मवर माझा रकाना रिकामा आहे, तो बघा." आणि त्यांनी काखेतली गुंडाळी सोडून टेबलावर पसरली. सातही चाचण्या, दोनशे ऐंशी किडे, प्रत्येकाची वाट.

अध्यक्षांनी चष्मा लावला. चांगला अर्धा तास ते त्या तावांवर वाकून होते. मधेच एका जागी बोट ठेवून म्हणाले, "हे सगळे लोंढ्याच्या आधी दगडाच्या मागे का गेलेत?"

बाईंचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "ती तिसरी चाचणी. त्या दिवशी व्हॉल्व्ह अडकत होता, पाणी एकदम न येता आधी थोडं थोडं वाढलं. किड्यांना ते कळतं. वेग जरा वाढला की ते डोकं प्रवाहाकडे फिरवतात आणि चालत चालत दगडाच्या आडोशाला, फटीत जातात. पण त्यांची चाल केवढी. चार बोटं जायला पाच-सहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ मिळाला तर टिकतात. एकदम आलं तर पाय रोवायलाही सवड नाही. पाणी सोडू नका असं मी म्हणत नाही. हळू सोडा. त्यांना चालायला वेळ द्या."

अहवाल त्या दिवशी स्वीकारला गेला नाही. समितीने सगळ्या चाचण्या हाताने पुन्हा उतरवायला सांगितल्या, आणि पाणी हळू वाढवून नव्या सहा चाचण्या करायला. त्यासाठी ट्रेसरबाईंना लॅबमध्ये परत आणावं लागलं. साहेबांनी तोंडी निरोप पाठवला. बाईंनी पुन्हा लेखी मागितलं, आणि या वेळी एका तासात मिळालं.

मी माझे सात फॉर्म मागून घेतले. सही खोडता येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या खाली लिहिलं, 'वेग बरोबर. वाहून गेलेले जीव मोजण्याची सोय पंपचालकाने काढून टाकली होती.' लिहिताना लाज वाटली, लिहिल्यावर कमी झाली.

पाणी चाळीस मिनिटांत हळूहळू चढवलं, तेव्हा चाळिसातले चौतीस टिकले. या वेळी खरोखरचे चौतीस, आणि पिशवीत सहा. प्रोग्रामरबाईंनी ठिपके पिवळे केले, सॉफ्टवेअर सुधारलं आणि ते बाईंच्या तावांशी ताडून बघितल्याशिवाय एकही आकडा पुढे जाऊ दिला नाही. नव्या फॉर्मवर बाईंनी सही केली. मी बघत होतो, ठळक, संपूर्ण नावाची सही, नकाशाखाली करायच्या तशी.

साहेबांचं काही बिघडलं नाही. ते पुढे बढती मिळून दुसरीकडे गेले. मुलीला आमच्या खात्यात जागा मिळाली नाही. का मिळाली नाही हे कोणी सांगितलं नाही आणि त्या मायलेकींनी त्यावर रडगाणंही गायलं नाही. मुलगी आता एका जमीनमोजणीच्या कचेरीत आहे, आणि तिथेही तिने पहिल्याच महिन्यात एक फॉर्म परत केला असं तिचे वडील कौतुकाने सांगतात.

धरणाचे दरवाजे सकाळी आता टप्प्याटप्प्याने उघडतात. चाळीस मिनिटं नाही, पंचवीस. पण एकदम नाही. संध्याकाळी मात्र अजून झटक्यात उघडतात, कारण संध्याकाळी विजेची मागणी अचानक चढते, असं खात्याचं म्हणणं आहे.

बाई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. दर रविवारी आम्ही दोघं धरणाच्या खाली नदीवर जातो. त्या बादलीत दगड उचलून घेतात, त्याच्या खालचे किडे मोजतात, वहीत लिहितात आणि दगड होता तसा ठेवतात. सकाळच्या टप्प्यांमुळे आकडा थोडा वाढला आहे, पण हवा तेवढा नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या खात्याला पत्र लिहितात. आकडे देतात आणि शेवटी एकच ओळ, "संध्याकाळचं काय ते कळवावे."

तेवीस पत्रं गेली. गेल्या आठवड्यात पहिलं उत्तर आलं. आपले पत्र मिळाले, विषय विचाराधीन आहे, आपल्या सूचनेबद्दल आभार. मी म्हटलं, चला, निदान उत्तर तरी आलं, आता थोडं थांबून बघू.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. "सूचना नाही केली मी," त्या म्हणाल्या. "प्रश्न विचारलाय." आणि कपडे बेतायच्या टेबलावरचं कापड बाजूला सारून त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.